विश्लेषण : मोबाइल प्रदर्शनाचा ‘ट्रेंड’ वऱ्हाडात कसा वाचायचा?

बार्सिलोना किंवा दिल्लीत मोबाइल तंत्रज्ञानाचे प्रदर्शन भरले की आठवडाभर समाजमाध्यमांवर नव्या फोनचीच चर्चा असते. कोणता फोन ‘ट्रेंड’ झाला, कोणत्या कंपनीचे नाव किती वेळा घेतले गेले, याचे आकडे लगोलग येतात. त्या आकड्यांवर विसंबून अमरावती-अकोल्यातील दुकानदार माल भरतो, सोयाबीनचे पैसे हाती आलेला शेतकरी फोन निवडतो आणि भामटेही त्याच लाटेवर आपले जाळे टाकतात. हे आकडे नेमके काय मोजतात, काय मोजत नाहीत आणि वऱ्हाडचा आवाज त्यात का उमटत नाही, याचा हा आढावा.

ही प्रदर्शने कोणती आणि चर्चा कधी उसळते?

जगातील सर्वांत मोठे मोबाइल प्रदर्शन म्हणजे ‘मोबाइल वर्ल्ड काँग्रेस’. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना ‘जीएसएमए’ ते भरवते. २००६ पासून ते स्पेनमधील बार्सिलोना शहरात, साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला भरते. २०२५ मध्ये ३ ते ६ मार्चदरम्यान झालेल्या प्रदर्शनाला सुमारे १ लाख ९ हजार जण आले होते. भारतात २०१७ पासून ‘इंडिया मोबाइल काँग्रेस’ भरते. केंद्राचा दूरसंचार विभाग आणि मोबाइल सेवा कंपन्यांची संघटना ‘सीओएआय’ हे त्याचे आयोजक आहेत. २०२५ मध्ये ८ ते ११ ऑक्टोबरदरम्यान दिल्लीच्या ‘यशोभूमी’ केंद्रात त्याची नववी आवृत्ती झाली.

वऱ्हाडाच्या दृष्टीने या दोन तारखांना महत्त्व आहे. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन घरात येते, कापसाची वेचणी सुरू होते आणि दिवाळीची खरेदी तोंडावर असते. मार्चमध्ये हरभरा निघालेला असतो आणि लग्नसराई जवळ आलेली असते. म्हणजे हातात पैसा येण्याची वेळ आणि नव्या फोनच्या चर्चेची वेळ दोन्ही हंगामांत जवळजवळ एकच. अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या गांधी रोडपर्यंतच्या बाजारपेठांत या काळात ग्राहक फोनचे नाव घेऊनच दुकानात शिरतो. ते नाव त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, हा खरा प्रश्न आहे.

प्रदर्शनांची वऱ्हाडला नवलाई नाही. अमरावती जिल्ह्यातील पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले आणि त्याच्या उद्‌घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. अकोल्यातील त्यांच्या नावाच्या कृषी विद्यापीठातही कृषी प्रदर्शन भरते. तेथे शेतकरी अवजार हाताळून पाहतो, चार प्रश्न विचारतो, शेजाऱ्याचे मत घेतो आणि मग ठरवतो. मोबाइलच्या प्रदर्शनाबाबत मात्र वस्तू हजारो किलोमीटरवर असते आणि हाती येते ती फक्त तिची चर्चा. त्यामुळे ही चर्चाच पारखून घ्यावी लागते.

चर्चा मोजतात कशी?

समाजमाध्यमांवरील बोलणे गोळा करून त्याची मोजदाद करण्याला व्यवसायाच्या भाषेत ‘सोशल लिसनिंग’ म्हणतात. ब्रँडवॉच, मेल्टवॉटर, टॉकवॉकर, स्प्रिंकलर अशा कंपन्या त्यासाठी सॉफ्टवेअर पुरवतात. पद्धत ढोबळमानाने अशी असते : आधी शब्दांची यादी ठरवायची. प्रदर्शनाचे नाव, त्याचा हॅशटॅग, कंपन्यांची आणि फोनची नावे त्यात येतात. मग एक्स, यूट्यूब, वृत्तसंकेतस्थळे, ब्लॉग आणि खुल्या पानांवर तो शब्द कुठे आला ते यंत्राने टिपायचे. त्यातून चार प्रकारचे आकडे निघतात.

पहिला, उल्लेख : नाव एकूण किती वेळा आले. दुसरा, चर्चेतील वाटा : सर्व कंपन्यांच्या एकूण उल्लेखांपैकी एका कंपनीचे किती. तिसरा, पोहोच : मजकूर किती जणांपर्यंत गेला असावा. चौथा, भावना : बोलणे कौतुकाचे, नाराजीचे की नुसते माहितीचे.

यातील ‘पोहोच’ हा आकडा सर्वांत फुगलेला असतो. एखाद्या खात्याचे एक लाख अनुयायी असतील आणि त्याने एक पोस्ट टाकली, तर अनेकदा पोहोच एक लाख धरली जाते. प्रत्यक्षात ती पोस्ट त्यांतील थोड्यांनाच दिसते. पाच खात्यांचे अनुयायी तेच ते असले तरी ते पाचदा मोजले जाऊ शकतात.

‘उल्लेख’ हा आकडाही सरळ नसतो. समजा, एका फोनविषयी १० हजार पोस्ट मोजल्या गेल्या. त्यांतील ६ हजार केवळ पुनर्प्रसारित आहेत, दीड हजार कंपनीच्या किंवा तिने पैसे दिलेल्या खात्यांच्या आहेत आणि एक हजार स्वयंचलित खात्यांच्या. मग माणसाने स्वतःहून लिहिलेल्या पोस्ट उरल्या दीड हजार. बातमीत मात्र आकडा येतो १० हजारांचाच.

‘ट्रेंड’ झाला म्हणजे नेमके काय झाले?

एखादा विषय ट्रेंडिंग यादीत येण्यासाठी त्यावर सर्वाधिक लोकांनी बोलणे आवश्यक नसते. थोड्या वेळात बोलणे अचानक वाढणे जास्त महत्त्वाचे असते. रोज तेवढ्याच प्रमाणात चालणारी चर्चा यादीत दिसत नाही. तासाभरात उसळलेली दिसते. मृगाचा पहिला पाऊस गाजतो आणि नंतरच्या संततधारेची बातमी होत नाही, तसेच हे आहे.

ही उसळी बहुतेकदा ठरवून आणता येते. नवा फोन समीक्षकांच्या हाती प्रदर्शनाच्या काही दिवस आधीच दिलेला असतो. मात्र ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मिनिटाआधी काहीही प्रसिद्ध करायचे नाही, अशी अट असते. ती वेळ उलटताच शेकडो व्हिडीओ एकदम बाहेर पडतात. पाहणाऱ्याला वाटते, जग या फोनवर तुटून पडले आहे.

गुगल ट्रेंड्सच्या आकड्यांबाबतही असाच गैरसमज असतो. तेथील १०० हा आकडा १०० लोकांचा किंवा १०० टक्क्यांचा नसतो. निवडलेल्या काळात आणि भागात त्या शब्दाचा एकूण शोधांतील वाटा जेव्हा सर्वांत जास्त होता, त्या क्षणाला १०० धरले जाते. बाकीचे सर्व आकडे त्याच्या तुलनेत असतात. त्यामुळे वाशीममधील १०० आणि मुंबईतील १०० यांची लोकसंख्येच्या अर्थाने बरोबरी होत नाही. पुरेसे शोध नसलेल्या ठिकाणी शून्य किंवा ‘डेटा अपुरा’ असे दिसते. त्याचा अर्थ तेथे कोणीच शोधले नाही असा होत नाही. शोधाच्या यादीत ‘ब्रेकआउट’ असा शेरा दिसला, तर त्या शब्दाचे शोध ५ हजार टक्क्यांहून अधिक वाढले असा त्याचा अर्थ. मुळात शोध नगण्य असतील तर एवढी वाढ सहज होते.

अमरावती नेमकी कोणती आणि अकोला कोणता?

वऱ्हाडातील चर्चा वेगळी काढायची म्हटले की पहिली अडचण नावांची येते. ‘अमरावती’ हा शब्द शोधला की आंध्र प्रदेशच्या राजधानीचा मजकूर ढिगाने येतो. देवनागरीत दोन्ही नावे अक्षरशः एकच. तेथे तंत्रज्ञान प्रकल्पाची घोषणा झाली तर ‘अमरावती’ आणि ‘तंत्रज्ञान’ हे दोन्ही शब्द एकत्र येतात आणि यंत्र तो मजकूर विदर्भाच्या खात्यावर जमा करू शकते.

अकोल्याची अडचण आणखी सूक्ष्म आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात ‘अकोले’ नावाचा तालुका आहे. मूळ नावांत फरक आहे, पण विभक्तीचे प्रत्यय लागले की तो पुसला जातो. ‘अकोल्यात’, ‘अकोल्याला’, ‘अकोल्याचा’ ही रूपे दोन्ही गावांची. वाचकाला संदर्भावरून कळते. शब्द जुळवणाऱ्या यंत्राला कळत नाही.

प्रदर्शनाच्या नावाचेही तेच. ‘बार्सिलोना’ या शब्दाभोवतीच्या बोलण्यात फुटबॉल क्लबचा मोठा वाटा असतो आणि मोबाइल प्रदर्शन ऐन फुटबॉल हंगामात येते. सामन्याची रात्र आणि प्रदर्शनाचा दिवस एकत्र आला, की शब्दाचा आलेख वर जातो. तो फोनमुळे गेला की गोलमुळे, हे आलेख सांगत नाही.

शिवाय एकच गोष्ट लोक अनेक तऱ्हांनी शोधतात. कोणी इंग्रजीत, कोणी देवनागरीत, कोणी रोमन लिपीत मराठी, तर कोणी हिंदी. अनेक जण टंकलेखनाऐवजी बोलूनच शोधतात. गुगल ट्रेंड्समध्ये सुटा ‘शब्द’ आणि भाषांपलीकडचा ‘विषय’ असे दोन वेगळे पर्याय असतात. शब्द निवडला तर लिप्या आणि भाषा वेगवेगळ्या मोजल्या जातात. केवळ इंग्रजी शब्दावर तयार केलेल्या आलेखातून वऱ्हाडाचा मोठा भाग आपोआप गळतो.

वऱ्हाडी बोलणे यंत्राला कळते का?

भावना ओळखणारी सॉफ्टवेअर इंग्रजीत बरी चालतात. मराठीत त्यांची चाल मंदावते आणि बोलीत ती अडखळतात. ‘लय खतरनाक फोन आहे बे’ हे वऱ्हाडात तोंडभरून केलेले कौतुक आहे. शब्दांच्या यादीवर चालणारे यंत्र ‘खतरनाक’ पाहून ते नाराजीत टाकू शकते. उलट, लाखभर रुपयांच्या फोनच्या व्हिडीओखाली कोणी ‘घ्या मंग, इका वावर अन् आना फोन’ असे लिहिले, तर ती खरेदीची इच्छा नसते. किमतीवर मारलेला तो टोला असतो. यंत्राला त्यात ‘आना फोन’ दिसते.

प्रत्ययांमुळेही मोजणी चुकते. ‘फोनला’, ‘फोनचा’, ‘फोनवर’ यांच्याबरोबर वऱ्हाडीतील ‘फोनले’ हे रूप शोधयादीत असावे लागते. पुण्या-मुंबईत बसून केलेल्या यादीत ते असण्याची शक्यता कमी. मोठ्या भाषा प्रारूपांवर चालणारी नवी साधने संदर्भ अधिक समजतात, पण बोलीतील उपरोध त्यांनाही चकवतो.

याहून मोठी गळती व्हॉट्सॲपची आहे. वऱ्हाडातील फोनची खरी चर्चा गावच्या, नात्याच्या, वर्गमित्रांच्या आणि कृषी सेवा केंद्रांच्या व्हॉट्सॲप गटांत होते. एप्रिल २०१६ पासून तेथील संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, म्हणजे पाठवणारा आणि मिळवणारा यांच्याशिवाय कोणी ते वाचू शकत नाही. ही खासगीपणाची आवश्यक हमी आहे. मात्र त्याचा परिणाम असा, की ही चर्चा कोणत्याही ट्रेंडच्या आकड्यात येत नाही. अशा न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ असे नाव पडले आहे.

खुल्या माध्यमांतही डोकावणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. एक्सने २०२३ मध्ये माहिती घेण्याची मोफत सोय आवरून ती महाग केली. फेसबुक-इन्स्टाग्रामवरील सार्वजनिक मजकुराचा माग काढण्यासाठी पत्रकार आणि अभ्यासक वापरत असलेले ‘क्राउडटँगल’ हे साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. स्वतंत्रपणे पडताळणी करणाऱ्यांचे हात त्यामुळे आखडले आणि कंपन्यांनी स्वतः दिलेल्या आकड्यांचे वजन वाढले.

गाजलेल्या फोनचे पुढे काय झाले?

चर्चा आणि व्यवहार यांतील अंतर गेल्या काही वर्षांतील उदाहरणांवरून स्पष्ट होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये बार्सिलोनात नोकिया ३३१० हा जुना फोन नव्या रूपात आला. जुन्या आठवणींमुळे त्याची जगभर वाहवा झाली. मे महिन्यात तो भारतात ३,३१० रुपयांना विक्रीला आला. पण तो २जी जाळ्यावर चालणारा होता. जिओचे जाळे केवळ ४जीचे असल्याने जिओचे सिम त्यात चालण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये जाहीर झालेला जिओफोन मात्र थेट ४जीवर चालणारा, दीड हजार रुपयांच्या परताव्याच्या अनामतीवर मिळणारा होता. त्याला बार्सिलोनाच्या मंचाची गरज पडली नाही.

२०१९ मध्ये एनर्जायझर या नावाखाली १८ हजार एमएएच बॅटरीचा, विटेएवढा जाड फोन प्रदर्शनात मांडला गेला. छायाचित्रे सर्वत्र पसरली, विनोद झाले, बातम्या झाल्या. नंतर तो बनवण्यासाठी लोकांकडून १२ लाख डॉलर उभारण्याची मोहीम सुरू झाली. जमले सुमारे १५ हजार डॉलर, म्हणजे उद्दिष्टाच्या जेमतेम सव्वा टक्का. फोटो पुढे पाठवणारे आणि पैसे देणारे हे दोन वेगळे गट होते.

२०२४ मध्ये छातीवर लावण्याच्या ‘ह्यूमेन एआय पिन’चे आकर्षण होते. फोनची जागा घेणारे उपकरण अशी त्याची हवा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीचा बराचसा भाग एचपीने घेतला आणि महिनाअखेरीस विकलेली उपकरणेही निकामी झाली.

आणि २०२० मध्ये तर करोनाच्या भीतीने बार्सिलोनाचे प्रदर्शनच १२ फेब्रुवारीला रद्द झाले. त्या आठवड्यात प्रदर्शनाचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते, पण ते न भरल्यामुळे. केवळ उल्लेख मोजणाऱ्याला हा फरक आकड्यात दिसत नाही.

प्रदर्शनात दाखवलेली प्रत्येक वस्तू विक्रीसाठी नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. २०२५ मध्ये इन्फिनिक्सने सूर्यप्रकाशावर चार्ज होणाऱ्या फोनचा नमुना दाखवला. वीज जाण्याची सवय असलेल्या भागात अशा फोनचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पण तो ‘संकल्पना’ प्रकारातील होता. अशा नमुन्यांतील मोजकेच दुकानापर्यंत पोहोचतात. शिवाय मार्चमधील बार्सिलोनाच्या थंडीत वऱ्हाडचा एक प्रश्न कोणी विचारत नाही : अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर हा फोन किती टिकेल? अनेक कंपन्यांच्या सूचनांत फोन वापरण्यासाठी योग्य तापमान शून्य ते ३५ अंश असे दिलेले असते.

मेळघाट गप्प का दिसतो?

नेटवर्क नसेल तर पोस्ट नाही आणि पोस्ट नसेल तर चर्चेत नोंद नाही. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत डोंगर, दाट जंगल आणि विरळ वस्ती यांमुळे टॉवर उभारणे खर्चाचे पडते आणि लहरी अडतात. तेथील गरज मोठी असूनही ट्रेंडच्या नकाशावर हा भाग पांढरा राहतो. पांढरा भाग म्हणजे ‘मागणी नाही’ असा अर्थ काढला, तर त्या भागावर दुहेरी अन्याय होतो.

याच मेळघाटात चर्चेचे दुसरे टोकही दिसले. धारणी तालुक्यातील हरिसाल राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या उपक्रमातून ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. टीव्ही वाहिन्यांच्या लहरींमधील रिकाम्या पट्ट्यांचा वापर करून इंटरनेट पोहोचवण्याचे तंत्र तेथे आणले गेले. कमी वारंवारितेच्या या लहरी झाडी-डोंगरांतून तुलनेने दूर जातात, ही त्यामागची कल्पना होती. पुढे एप्रिल २०१९ च्या लोकसभा प्रचारात मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी सभांमधून हरिसालच्या चित्रफिती दाखवून सरकारी जाहिरातीतील दाव्यांवर प्रश्नचिन्ह लावले. सत्ताधाऱ्यांनी आरोप फेटाळले. ‘लाव रे तो व्हिडीओ’ हे वाक्य घरोघरी पोहोचले आणि हरिसाल पुन्हा ट्रेंडमध्ये आले. दोन्ही वेळा गावाचे नाव गाजले. पण गावात आज सिग्नल किती पट्ट्यांचा येतो, याचे उत्तर कोणत्याही हॅशटॅगमध्ये नव्हते.

ते उत्तर पाहणीतून मिळते. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. ही गावे ट्रेंडवरून निवडलेली नव्हती. कुठे जाळे नाही, याची गाववार नोंद हा तिचा आधार होता. गरज मोजण्याची पद्धत आणि गाजावाजा मोजण्याची पद्धत वेगळी असते, ती अशी.

चर्चेच्या लाटेवर फसवणूक कशी होते?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीतील इंडिया मोबाइल काँग्रेसमध्ये पंतप्रधानांनी ५जी सेवेचा प्रारंभ केला. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होते. अमरावती आणि अकोल्याची पाळी नंतर आली. चर्चा मात्र त्याच दिवशी सगळीकडे पोहोचली. सेवा आली का, सिम बदलावे लागेल का, जुना फोन चालेल का, हे प्रश्न अनुत्तरित असतानाच ‘तुमचे सिम ५जी करून घ्या’ असे सांगणारे फोन आणि दुवे फिरू लागले. दुवा उघडायला लावून ओटीपी काढून घेण्याच्या या प्रकारांबाबत अनेक ठिकाणच्या पोलिसांना इशारे द्यावे लागले. बातमी पोहोचणे आणि सेवा पोहोचणे यांत जितके अंतर, तितकी भामट्यांना जागा.

स्वस्त फोनच्या नावानेही हेच घडले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फ्रीडम २५१’ या २५१ रुपयांच्या स्मार्टफोनची नोंदणी सुरू झाली. संकेतस्थळ कोलमडले. सेकंदाला सहा लाख भेटी आल्याचा दावा कंपनीने केला आणि सात कोटींहून अधिक नोंदणी झाल्याचेही सांगितले. एवढ्या किमतीत फोन बनणे अशक्य असल्याचे या क्षेत्रातील संघटनेने तेव्हाच म्हटले होते. बहुसंख्य नोंदणीदारांना फोन मिळाला नाही. वर्षभराने एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला अटक झाली. फसलेल्यांत केवळ ग्राहक नव्हते. ट्रेंड पाहून आगाऊ रक्कम भरणारे व्यापारीही होते.

फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. संशयित फोन किंवा संदेशाची माहिती दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ सुविधेत देता येते.

मग ग्राहकाने आणि दुकानदाराने काय पाहावे?

चर्चा निरुपयोगी नाही. नवे काय येते आहे, हे ती सांगते. पण खिशात हात घालण्यापूर्वी तिला पाच प्रश्न विचारावेत.

एक, बोलतो कोण? पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या प्रचारावर तसे स्पष्ट नमूद करणे जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवश्यक आहे. व्हिडीओवर ‘जाहिरात’ किंवा ‘सशुल्क भागीदारी’ असा उल्लेख असेल तर ते मत नव्हे, प्रचार आहे. उल्लेख नसेल तर शंका अधिक घ्यावी.

दोन, वस्तू विक्रीला आहे का? नमुना, जागतिक घोषणा आणि भारतातील विक्री या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. भारतातील किंमत जाहीर होईपर्यंत आगाऊ रक्कम कोणालाही देऊ नये.

तीन, आपल्या गावात जाळे कोणते? ‘ट्राय’च्या नव्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. सरकारी आकडेवारीनुसार देशातील जवळपास सर्व जिल्ह्यांत ५जी पोहोचले आहे, पण जिल्हा म्हणजे प्रत्येक शिवार नव्हे. घर आणि वावर या दोन्ही जागा नकाशावर पाहाव्यात. जमले तर त्या कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन घेऊन वावरात जाऊन पाहावे.

चार, फोन त्या जाळ्याला जुळतो का? जिओचे ५जी ‘स्टँडअलोन’ प्रकारचे आहे आणि ७०० मेगाहर्ट्झचा, दूरवर जाणारा पट्टा जिओकडे आहे. त्यासाठी फोनच्या तपशिलात ‘एसए’ आणि ‘एन २८’ या नोंदी असाव्या लागतात. कॅमेऱ्याच्या चर्चेत ही ओळ हरवते आणि ग्रामीण ग्राहकाला तीच जास्त उपयोगी असते.

पाच, फोन अस्सल आहे का? स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीत ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की त्या फोनची नोंद कळते. जुना फोन घेताना ही तपासणी टाळू नये.

दुकानदारांसाठी ट्रेंडपेक्षा जवळची एक नोंदवही असते. गेल्या दोन दिवाळ्यांत कोणत्या किमतीचे फोन विकले गेले, किती ग्राहकांनी नाव विचारले आणि त्यांतील किती जणांनी तो घेतला, कोणता फोन दुरुस्तीला परत आला, एवढ्या चार रकान्यांची वही महिनाभर नेटाने लिहिली, तर तिच्यातून वऱ्हाडची मागणी बार्सिलोनाच्या कोणत्याही आलेखापेक्षा नीट दिसते. कारण तिच्यात बोलणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असतो.